‘डिड नॉट वेंट’ची गोष्ट

आदरणीय बाई,

तुमच्या संध्याकाळच्या वर्गात आलो तेव्हा माझं वय 34 होतं आणि ‘गो-वेंट-गॉन’चा सगळा तक्ता तोंडपाठ होता. तरी बोलायला तोंड उघडलं की बाहेर पडायचं ‘आय डिड नॉट वेंट’. या चुकीपायी शाळेत पट्ट्या खाल्ल्या, नोकरीत हसं करून घेतलं. चुकतंय हे सगळ्यांनीच सांगितलं. का चुकतंय हे शोधणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तुम्ही फळ्यावर चक्क मराठी लिहिलंत. ‘मी गेलो. मी गेलो नाही.’ नकार आला तरी ‘गेलो’ जागचा हलत नाही. मीही ‘वेंट’ला हात न लावता नकार जोडत होतो, मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर. इंग्रजीत मात्र नकारात आणि प्रश्नात भूतकाळ ‘डिड’च्या अंगावर जातो, म्हणून पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं: ‘डिड नॉट गो’, ‘डिड यू गो’. त्या दिवसापासून माझी चूक थांबली असं खोटं लिहीत नाही. पण ती होताना मला ऐकू येऊ लागली.

‘गो’चं ‘वेंट’ कुठल्या न्यायाने, म्हणून मी एकदा वैतागलो होतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आधी जा-चं गेला कसं झालं ते सांगा.’ जा-गेला, ये-आला, हो-झाला. जन्मभर वापरतोय, कधी खटकलं नव्हतं! मग कळलं की ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या जुन्या क्रियापदाचा भूतकाळ, ‘गो’ने दत्तक घेतलेला. रोज तोंडात असणाऱ्या क्रियापदांची अशी वाकडी रूपं टिकतात, कारण ती विसरायला कुणाला सवडच मिळत नाही. कमी वापरातली हळूहळू सरळ होतात. ‘क्लाइंब’चं जुनं ‘क्लोम’ जाऊन ‘क्लाइम्ड’ झालं तसं. आणि नवं क्रियापद आलं की त्याला मुकाट्याने ‘ईडी’ लागतं, जसं ‘ईमेल्ड’.

पण माझ्या मते तुमचा खरा हात ‘ईडी’च्या उच्चाराचा. मी ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’ म्हणायचो. तुम्ही गळ्यावर बोटं ठेवायला लावलीत आणि शाळेतली कठोर-मृदू व्यंजनं आठवायला सांगितलीत. ‘वॉक’च्या शेवटी क, कठोर, गळा थरथरत नाही, म्हणून ‘वॉक्ट’. ‘बेग’च्या शेवटी ग, मृदू, म्हणून ‘बेग्ड’. स्वराने संपणाऱ्या ‘प्ले’लाही ‘ड’च. शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच वेगळा ‘इड’ ऐकू येतो: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. आणि कान द्यायचा तो आवाजाला, अक्षराला नाही. ‘लाफ’च्या शेवटी लिहितात जी-एच, पण वाजतो फ, म्हणून ‘लाफ्ट’. वर्णमालेचा असा उपयोग होईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

स्पेलिंगचं फार लिहीत नाही, ते सरावानं बसलं. ‘स्टडी’चा वाय जाऊन आय येतो, ‘प्ले’चा वाय राहतो. ‘अ‍ॅडमिट’मध्ये जोर शेवटी म्हणून टी दोनदा, ‘व्हिजिट’मध्ये जोर सुरुवातीला म्हणून एकदाच.

बरं, निबंध लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, या तिन्हींना तिकडे एकच ‘रोट’. तेवढ्यापुरते इंग्रजीचेही आभार.

एक गाठ अजून सुटलेली नाही. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे, त्याचा भूतकाळ ‘ले’. आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, त्याचा भूतकाळ ‘लेड’. कालच एका पत्रात दोन्ही आले, तेव्हा दोन्ही वाक्यं खोडून तिसरंच लिहिलं. रविवारी येतो, वही घेऊन.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी