उमदी-संखला फौजदारी न्यायाधिकारी द्या

महोदय,

आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, त्या खटल्यात मी साक्षीदार आहे. उमदीहून एसटीने जतला जायचे, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात थांबायचे आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परतायचे, असे चार वेळा झाले. माझ्यासोबतच्या शेतमजुराचा तर दर खेपेला रोजगार बुडाला. आता तो साक्षीला यायलाच तयार नाही, आणि त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एकाच दिवशी जामीन, रिमांड, धनादेशाचे खटले आणि मारामारीची प्रकरणे येतात. त्यात २० हजारांच्या आतल्या चोरीची पाळी येणार कधी?

यावर उपाय कायद्यातच आहे. ग्राम न्यायालय कायदा २००८ चा असून २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. त्यातील न्यायाधिकारी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्याच पात्रतेचा असतो. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे तो चालवू शकतो आणि गावोगावी जाऊन फिरते न्यायालयही भरवू शकतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारने विनंती केल्यास उच्च न्यायालय आजी-माजी सरकारी अधिकाऱ्यांना विशेष न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार देऊ शकते. मला मात्र पहिला मार्ग अधिक पटतो. न्यायदानाला कायद्याचे शिक्षण घेतलेला माणूसच हवा.

महसुली कामासाठी संखला अप्पर तहसील कार्यालय होऊ शकते, तर पूर्व भागात आठवड्यातून दोन दिवस न्यायालय का बसू नये? सांगली जिल्ह्यातील आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत मांडावा.

– एक शेतकरी, उमदी (ता. जत, जि. सांगली)