काका, बाथरूमची जमीन आता दबत नाही

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

"आभार मानलेस तर परत पाऊल ठेवणार नाही," असा दम तुम्ही जाताना दिला होतात. म्हणून हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांत लिहिते आहे. तुमची लेक वाचून दाखवेल, तेव्हा काय रागवायचं ते रागवा.

आमच्या बाथरूममध्ये कमोडच्या उजव्या अंगाला जमीन पायाखाली दबायची, ताज्या ढोकळ्यावर बोट दाबल्यासारखी. आपल्याकडे जमीन उखणते, फरशी तडकते. ती दबते म्हणजे काय, हे मला फ्लॉरिडात येऊन कळलं. दोन महिने आम्ही काय केलं, तर त्या जागेवर एक जाड पायपुसणं टाकलं आणि पाहुण्यांना दुसऱ्या बाथरूममध्ये पाठवलं. घर कारखान्यात बनून चाकांवर आलेलं, १९८८ सालचं, १४ फूट रुंद. "ट्रेलरमध्ये राहता होय?" असं पुण्याची मावशी फोनवर विचारते तेच. (१५ जून १९७६ नंतर बनलेल्या अशा घरांना केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम लागू आहेत, बाहेरच्या भिंतीवर त्याची लाल पट्टी आहे, हे मी तिला तीनदा सांगून झालं. असो.)

मग एक कंत्राटदार आला. पंधरा मिनिटं उभा राहिला, बुटाने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाला, वरून प्लायवूड मारू, त्यावर नवीन व्हिनाइल, दोन दिवसांचं काम. आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात गणपतीच्या मखराचे खांब परत न्यायला तुम्ही आलात, चहा घेता घेता आमची कहाणी ऐकलीत आणि एकच प्रश्न विचारलात: "पाणी कुठून येतंय, ते सांगितलं का त्याने?"

काका, मला आभार मानायचेत ते या प्रश्नाचे. फळ्या बसवणारे हात पैसे देऊन मिळाले असते.

मला वाटत होतं, कमोडच गळतोय. जागाच तशी होती. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातून शिऱ्यात घालायचा केशरी रंग मागून घेतलात, कमोडच्या टाकीत ओतलात आणि ह्यांना घेऊन घराखाली शिरलात. तुमचं वय अडुसष्ट. मी वरून पाचदा फ्लश केला. खालून आवाज आला, "केशरी काही नाही! पाणी आहे, पण पांढरंच!" म्हणजे कमोड निर्दोष. घराच्या पोटाला खालून काळं जाड प्लास्टिक असतं आणि त्याच्या आत काचेच्या लोकरीचा थर. ते प्लास्टिक एका जागी गाभण म्हशीसारखं लोंबत होतं. तुम्ही चाकूने बोटभर चीर दिलीत, तर बादली भरली. दुसरी लावली, तीही अर्धी झाली. आतली लोकर बाहेर ओढली, ती पावसात भिजलेल्या गोधडीइतकी जड. आणि पाणी येत होतं टबच्या नळामागच्या राखाडी पाइपच्या जोडातून, थेंब थेंब, कोण जाणे किती वर्षं. ते लोकरीतून वाहत कमोडखाली येऊन साचायचं. प्लंबर आला तेव्हा त्याने पाइप बघूनच मान हलवली. १९७८ ते १९९५च्या दरम्यान इथे हे पॉलिब्युटिलीनचे पाइप सर्रास घालत, आणि ते असेच दगा देतात म्हणे. त्याने ते बदलून दिले.

आता फळ्या मारून टाकू, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "वासे ओले आहेत. ओल्यावर झाकण घातलंस तर तीन वर्षांनी मलाच बोलावशील, आणि तेव्हा मी असेन की नाही, देव जाणे." अकरा दिवस! कमोड काढलेला, जमिनीला भगदाड, पंखा आणि हवा कोरडी करायचं यंत्र रात्रंदिवस घुरघुरतंय. मी मनात तुमच्यावर चिडले होते, हे आज कबूल करते. ओल मोजायचं ते दोन सुयांचं यंत्र वाशात खुपसून तुम्ही रोज संध्याकाळी आकडा वाचायचात आणि काही न बोलता निघून जायचात. वीस टक्क्यांच्या खाली आला, त्या दिवशी करवत घेऊन आलात.

सडलेला तुकडा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवला होतात. मी त्याला लाकूड समजत होते. ते लाकूड नव्हतंच, लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड. भिजलं की फुगतं, आणि एकदा फुगलं की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. चिमटीत धरलं तर रव्यासारखं सुटून पडलं. कुडाळकडे वडिलांच्या हाताखाली रंधा मारायला शिकलेला माणूस त्या भुग्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरणार नाही. "ह्यावर माणसं राहतात?" एवढंच म्हणालात.

जमीन किती जाड आहे हे कापायच्या आधी कळावं म्हणून तुम्ही गरम हवेच्या झरोक्याची जाळी उचललीत. तिथे जमिनीची कड उघडी दिसते, जाडी सरळ मोजता येते आणि हवेचा डक्ट खालून कुठून जातो तेही दिसतं. पाच अष्टमांश इंच. गोल करवतीचं पातं तेवढंच बाहेर ठेवायचं, वाशांना इजा नको. मग करवत माझ्या हातात दिलीत. ह्यांना नाही, मला. पहिल्या दोन रेषा झकास कापल्या. तिसरीला पात्याची कळ ढिली राहिली, पातं खाली सरकलं आणि डक्टच्या पत्र्याला वीतभर चीर गेली. मी रडायच्या बेतात. तुम्ही वाकून बघितलंत, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मागवलीत आणि ती बोटाने घासत म्हणालात, "आता तू सुतार झालीस." (डक्ट टेप नावाचा कापडी टेप डक्टवर टिकत नाही, हेही त्याच दिवशी कळलं.)

या घरांत आधी सगळी जमीन घालतात आणि मग तिच्यावर भिंती उभ्या करतात. त्यामुळे फळी भिंतीखालून ओढून काढता येत नाही, भिंतीलगतच कापावी लागते, आणि नव्या फळीची कड अधांतरी राहते. तिला टेकू म्हणून तुम्ही वाशांच्या मध्ये आडवी ठोकळी बसवलीत, कुजलेल्या वाशाला नवा वासा जोडलात. दुकानातल्या प्लायवूडवर १९/३२ इंच छापलेलं होतं, आपल्याला हवं पाच अष्टमांश, म्हणजे २०/३२. मी परत करायला निघाले, तर तुम्ही हसून दोन्ही कडा एकमेकींना लावून दाखवल्यात. नखालाही फरक लागेना. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू, आणि वाशावर गोंद. मग पाणसळ ठेवलीत. बुडबुडा मधोमध येईपर्यंत मी श्वास रोखून धरला होता.

मजुरी विचारली तर म्हणालात, "आंबोळ्या." मी दिल्या. तो हिशेब मला आजही पटलेला नाही.

शेवटची फळी बसवण्याआधी पेन्सिलने तुम्ही वाशावर काहीतरी लिहिलंत. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी वाकून वाचलं: "इथून डक्ट जातो. जपून कापा." पुढे कधी तरी हे घर कोणी विकत घेईल, जमीन उघडेल आणि त्या अक्षरांकडे बघत बसेल. मराठी वाचणारा असेल असं वाटत नाही. मी खाली इंग्रजीत लिहायला हवं होतं, पण तोवर तुम्ही फळी उचलली होतीत.

तुमची मोठी पटाशी इथेच राहिली आहे, वॉटर हीटरमागे सापडली. रविवारी न्यायला या. पीठ शनिवारी भिजवते.

तुमची,
बाथरूमच्या दारात उभी राहून अजूनही पाय आपटून बघणारी पुतणी

ता. क. मखराचे खांबही अजून इथेच आहेत.