मॅचिंगवाल्या काकांना, रंगांबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या कापडपेठेतल्या तुमच्या दुकानात मी अस्तर आणि फॉल घ्यायला यायचे, तेव्हा मी कथा लिहिते हे तुम्हांला ठाऊक नव्हतं. कळल्यावर तुम्ही मला बसायला स्टूल दिलंत आणि म्हणालात, "बसा, बघा, गिऱ्हाइकाशी मात्र बोलू नका." लग्नसराई ओसरल्यानंतरच्या त्या दुपारी ताके उलगडता उलगडता तुम्ही जे बोललात, त्यावर माझी आत्ता पुरी झालेली दीर्घकथा उभी आहे. तिच्यातली माणसं डोळ्यांसमोर येतात असं वाचणारे म्हणतात. हे श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

आधी नावांबद्दल. तुमच्या फळीवर नुसता हिरवा नाहीच. पोपटी आहे, शेवाळी आहे, मेंदी, पिस्ता, मोरपंखी आहे. जांभळ्याच्या घरात वांगी, कोनफळी, आमसुली. पुढे अबोली, गाजरी, विटकरी, डाळिंबी, श्रीखंडी, बदामी. नाव घेतलं की रंगाबरोबर परसदार येतं, स्वयंपाकघर येतं. पण मला खरा उपयोग झाला तो यापुढच्या गोष्टीचा. एकाच ताक्याला सासूबाई वांगी म्हणाल्या, सून वाइन म्हणाली आणि शिंपीमामांकडून आलेल्या चिठ्ठीवर नुसता शेड नंबर होता. तिघांचं एक अक्षरही वर्णन न करता तिघं माझ्यापुढे उभे राहिले. तेव्हापासून कथेत रंग आला की मी आधी विचारते, हा कोणाला दिसतोय? माझ्या कथेतली वीटभट्टीवरची बाई 'मरून' म्हणणार नाही. तिला कच्च्या विटेचा रंग वेगळा दिसतो, नीट भाजलेलीचा वेगळा, जास्त आच लागून काळवंडलेलीचा आणखी वेगळा. मुलाच्या शाळेच्या गणवेशाचा रंग ती या तिन्हींतल्या एकीवरूनच सांगते. त्या एका वाक्यात तिचा दिवस कसा जातो ते येऊन जातं.

आता ती मनगटाची गोष्ट. आई आणि मुलगी आल्या होत्या, मुलीच्या साखरपुड्याच्या साडीवर ब्लाऊज हवा होता. मुलीसमोरच आई म्हणाली, "हिला फिकाच रंग द्या, हिच्या अंगावर काही खुलत नाही." मुलीनं ओढणी सारखी केली आणि समोरच्या रिळांकडे बघत राहिली. तुम्ही वाद घातला नाहीत. गडद डाळिंबी ताका काढलात, त्याचं टोक मुलीच्या मनगटावर टाकलंत आणि म्हणालात, "बेटा, जरा दारापाशी ये. ट्यूबलाइटचं काही खरं नसतं." दारात ऊन तिरपं आलेलं होतं. त्या कापडाशेजारी तिच्या हाताचा रंग एकदम उजळ नाही झाला, उलट आणखी खोल झाला, तांब्याच्या घासलेल्या भांड्याला येते तशी चमक आली. आई काही बोलली नाही. मुलीनं स्वतःचा हात उलटापालटा करून पाहिला. "हेच द्या," असं ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

काका, आमच्या गोष्टींत बाईचा रंग सांगायचा म्हणजे गोरीपान, गव्हाळ, निमगोरी, सावळी पण तरतरीत. हे शब्द स्थळांच्या जाहिरातींतून आलेत आणि तिथला तराजू बरोबर घेऊन येतात. 'पण तरतरीत' यातला 'पण' मला फार खुपतो. ज्या विठ्ठलाला आपण इतक्या कौतुकानं सावळा म्हणतो, त्याच्या नावापुढे कधी 'पण' लावत नाही. माझ्या कथेतली नंदा सावळी आहे हे मी कुठेही लिहिलेलं नाही. तिच्या मनगटावर डाळिंबी कापड पडतं, ती दारात जाते, एवढंच आहे. वाचणाऱ्याला ती दिसते आणि तोलली जात नाही.

तुम्ही सांगितलेलं ट्यूबलाइटचं मी पुढे शोधून वाचलं. दोन वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेली कापडं एका उजेडात हुबेहूब एक दिसतात आणि उन्हात नेली की वेगळी पडतात, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात रंगांचं मिश्रण निराळं असतं. त्याच ओघात मिशेल शेव्ह्रल भेटले. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 साली पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा रंग हवा तसा गडद उतरत नाही. शेव्ह्रल यांनी दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. काळ्यात काही कमी नव्हतं. त्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे होते म्हणून तो फिका वाटत होता. शेजारच्या रंगानं रंग कसा बदलतो यावर त्यांनी 1839 साली मोठा ग्रंथ काढला. वाचताना मला सारखे तुम्ही आठवत होता. साडी काठासकट आणा, नुसता तुकडा आणू नका, हा तुमचा आग्रह त्याच जातीचा आहे.

मी तो जसाच्या तसा कथेत उचलला. थोरली जाऊ आयुष्यभर बदामी, मोतिया असले शांत रंग नेसते. एकटी असते तेव्हा ती सोज्वळ वाटते. धाकटी राणी रंगाचं लुगडं नेसून शेजारी बसली की तीच थोरली विटलेली वाटू लागते. तिनं काही केलेलं नसतं. घरातली कुरबुर मी त्या दोन रंगांवरच सोडून दिली, मत्सर हा शब्द लिहायची गरज उरली नाही.

फॉलची युक्ती तर मी कुठल्याही पुस्तकात वाचली नसती. जुन्या साडीला मॅचिंग करायचं तर तुम्ही वरचा रंग बघत नाही. फॉलचे चार टाके उसवता आणि खालचं कापड बघता, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. वरची साडी फिकी गाजरी, आतली पट्टी लखलखीत केशरी. माझ्या वहिनी एका दुपारी लग्नातल्या साडीचा फॉल बदलायला घेतात आणि ती पट्टी त्यांना दिसते. वहिनींचं वय, घरातली ओढगस्त, एकच साडी किती समारंभांना नेसली गेली, सगळं त्या बोटभर पट्टीत मावलं. हे माझ्या कथेतलं मला सर्वांत आवडतं पान आहे.

रंगांच्या ठरीव अर्थांबद्दल तुम्ही सावध केलंत, त्याचेही आभार. विधवा म्हणजे पांढरं पातळ, असं मी म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, "कुठल्या काळातली? कुठल्या घरातली?" आपल्याकडच्या जुन्या ब्राह्मण घरांत विधवेच्या अंगावर तांबडं आलवण असे. एरवी शुभकार्यात काळं चालत नाही, तरी नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळाच लागते. नाट्यशास्त्रात रसांना रंग नेमून दिले आहेत: रौद्राला लाल, शृंगाराला श्याम, हास्याला पांढरा. करुणाला दिला आहे कपोत, म्हणजे तुमच्या फळीवरचा पारवा. कथकलीत हिरवा चेहरा आला की थोर नायक आला हे शेवटच्या माणसालाही समजतं. रंगमंचाला असा ठरलेला करार हवाच, समईच्या उजेडात लांबून ओळख पटायला हवी. गोष्टीत वाचणारा अगदी जवळ बसलेला असतो. त्याला हा करार पुरत नाही, त्याला त्या घरातली रीत हवी.

आणि साल. "गोष्ट कधीची?" हे तुम्ही दरवेळी आधी विचारता. कथेत पणजीच्या काळातलं एक प्रकरण आहे, ते पेशवाई संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरातून पहिला कृत्रिम जांभळा रंग गवसला तो 1856 साली. त्याआधी रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा. कुसुंब्याचा गुलाबी सुरेख, पण उन्हानं आणि धुण्यानं झपाट्यानं उतरणारा. म्हणून माझ्या पणजीचं कुसुंबी लुगडं वर्षातून एकदाच बाहेर निघतं आणि घरात, सावलीतच नेसलं जातं. हा प्रसंग तुमच्या त्या एका प्रश्नातून निघाला.

तुमच्याकडे कोणी गोष्टी लिहायला शिकायला येत नाही. तरी इतक्या बारकाईनं, माझ्याकडून एका मीटरच्या अस्तराखेरीज काही विक्री नसताना, तुम्ही मला वेळ दिलात. संध्याकाळी उलगडलेले ताके पुन्हा गुंडाळायला मुलाला तासभर जास्त थांबावं लागलं, तेही मी पाहिलं आहे. त्यालाही माझा नमस्कार सांगा. कथेच्या आरंभी, अर्पणपत्रिकेत, नाव न घालता तुमचा उल्लेख केला आहे. नाव नको असं तुम्हीच म्हणाला होतात.

छापील प्रत दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. कुठे शेड चुकली असेल तर पेन्सिलीनं खूण करून ठेवा, पुढच्या आवृत्तीत सुधारीन. नव्या कथेत एक कीर्तनकार आहे. त्यांच्या पागोट्याचा आणि उपरण्याचा रंग मला अजून सापडत नाही. गौरी-गणपतीची गर्दी सरली की विचारायला येते.

आपली,
अस्तर न्यायला येणारी लेखिका