कोंबड्याच्या जातीबद्दल बाबांना

घणसोली, नवी मुंबई

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, कोंबड्याचा फोटो बघताच तुम्ही म्हणालात, "असील आहे, नीट सांभाळ." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तुमचा आवाज असा खणखणीत लागला, म्हणून मी फोनवर वाद घातला नाही. पण बाबा, तो असील नाही. फोटोत आकार कळत नाही ना. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो अर्धा किलोही भरत नाही आणि चार महिन्यांचा तर होऊन गेलाय. असीलचा नर वाढला की चार किलोंच्या घरात जातो. शिवाय असीलचा तुरा ठेंगणा, डोक्याला चिकटलेला, तीन ओळींचा असतो. याचा एकेरी, उभा, दातेरी आहे.

हा बँटम, म्हणजे बुटक्या चणीचा कोंबडा आहे, एवढं नक्की. घरमालकीणबाईंच्या भाच्याने कुठल्याशा फार्मवरून पिल्लं आणली होती, त्यातलं हे एक त्यांनी तुमच्या नातवाला दिलं. पण बँटम ही काही एकच जात नाही. काही जाती मुळातच बुटक्या, त्यांना मोठा भाऊ नाहीच. काही मोठ्या जातींपासून निवड करत करत लहान केलेल्या. म्हणून 'बँटम' म्हटल्याने बाबांचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे.

तुम्ही शिकवलंत तसे आधी पाय बघितले. पायांवर पिसं नाहीत, म्हणजे कोचीन जातीच्या वळणाचा नाही. बोटं चारच, म्हणजे सिल्की नाही. त्याला पाच असतात. पायांच्या नळ्या पाटीच्या रंगाच्या, राखाडी-निळसर. जपानी बँटमचे पाय पिवळे आणि इतके आखूड की पोट जमिनीला टेकायला आलेलं. हा चांगला उंच उभा राहतो. (आई, तुला एक सांगते: त्या आखूड पायांचा गुण आईबाप दोघांकडूनही आला तर पिल्लू अंड्यातच मरतं. त्यामुळे अशी जोडी लावली की सुमारे चौथा हिस्सा पिल्लं कवचाबाहेर येतच नाहीत. तू म्हणशील अंडी वांझ होती.)

सेब्राइट तर नाहीच. त्याच्या प्रत्येक पिसाला काळी किनार असते, आणि नराचीही पिसं कोंबडीसारखी गोल असतात. याच्या शेपटीच्या मुळाशी, पाठीवर, लांब टोकदार पिसं फुटली आहेत. परवा उन्हात त्याला मांडीवर घेऊन मी ती एकेक करून पाहिली. तांबूस सोनेरी, मधोमध बारीक काळी रेघ. छाती काळी. रानकोंबड्याच्या घराण्यातला लाल-काळा रंग.

खरी खूण मात्र कानाची पाळी. लहानशी, बदामाच्या आकाराची, पांढरी. एकेरी तुरा, पांढरी पाळी, पाटीच्या रंगाचे पाय, किंचित खाली झुकलेले पंख, हे सगळं डच बँटमशी जुळतं. तरी मी 'डच' असं ठामपणे म्हणणार नाही. आईबाप कोणी पाहिलेले नाहीत, आणि गावरान रक्त मिसळलेल्या बँटमातही हीच लक्षणं एकत्र येऊ शकतात. 'डच वळणाचा बँटम, बहुधा मिश्र' असं मी लिहून ठेवलंय. शेपटीची वाकडी लांब पिसं अजून यायची आहेत, ती आल्यावर ठेवण आणखी स्पष्ट होईल.

पहाटे साडेचारला आरवतो, म्हणून रात्री खुराड्यावर जाड गोधडी टाकते. शेजारच्या काकूंनी अजून काही म्हटलेलं नाही, पण मला त्यांची काळजी वाटते.

आता मुद्द्याचं. त्याला एकटं ठेवू नये असं मला वाटतं. आई, तुझ्या गोठ्याशेजारच्या कोंबड्यांत एखादी बुटकी तलंग असेल तर बघून ठेव. मोठी कोंबडी नको, तो तिच्यापुढे लहानच पडेल. बाबा, निवड तुम्ही करा, आणि पाळीचा रंग बघा. पांढऱ्या पाळीची कोंबडी बहुधा पांढरी अंडी देते, हे तुमच्याकडूनच शिकले. दिवाळीला येताना घेऊन या. रोह्याहून गाडीत बसताना आईच्या गुडघ्याचा पट्टा मात्र विसरू नका, आणि डोळ्यातले थेंब वेळेवर घाला.

तुमची,
सुषमा