टॅरोचं भविष्य नको, चित्र छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं टॅरो भविष्य आमच्या गावात वाचलं जातं. पेपर पानठेल्यावर येतो आणि दुपारपर्यंत त्याची पानं वेगवेगळ्या घरी जाऊन पोचलेली असतात. गेल्या रविवारी माझ्या राशीला लिहिलं होतं, चिकाटी सोडू नका, लवकरच मदतीचा हात पुढे येईल. कोणाचा हात, केव्हा, कशासाठी, काहीच नाही. चिकाटी ठेवा म्हणायला सांगणाऱ्याचं काय जातं?

मी कळंब तालुक्यात आशा सेविका आहे. टॅरोच्या चित्रपत्त्यांचा एक कॅट माझ्याकडेही आहे. नागपूरच्या भाचीनं ऑनलाइन मागवला होता, तिची हौस फिटली तसा माझ्याकडे आला. तेव्हा माझी तक्रार पत्त्यांवर नाही, त्यांच्या नावानं जे छापलं जातं त्यावर आहे. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते निघाले ते खेळण्यासाठी. भविष्य सांगायला त्यांचा वापर फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस बोकाळला. आज सगळीकडे दिसतात ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. तो ७८ पत्त्यांचा कॅट लंडनमध्ये १९०९ साली बाजारात आला. (भाकिताची हौस आपल्यालाही कमी नाही म्हणा. भेंडवळची घटमांडणी दर अक्षय्य तृतीयेनंतर तुमच्यासकट सगळे पेपर छापतात आणि आम्ही पेरणीआधी वाचतोही.)

आमच्या बचत गटात हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले की मी सतरंजीवर एक पत्ता ठेवते. ज्याला जे दिसतं ते त्यानं बोलायचं. ‘माझ्या पोराचं लग्न जमेल का’ असं कोणी विचारलं की कॅट पिशवीत जातो.

एके दिवशी नाण्यांची छक्की निघाली. एक श्रीमंत माणूस उभा आहे, एका हातात तराजू, दुसऱ्या हातानं नाणी देतो आहे. समोर दोघं गुडघ्यावर. पुस्तकात याचा अर्थ दानधर्म, औदार्य असा देतात. आमच्या बाया तराजू पाहून एकदम हसल्या. “हा तं खेडा खरेदीवाला हाय!” एकजण म्हणाली, “काटा याच्याच हाती, मंग माप बी याचंच.” म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी. आयुष्यभर कापूस विकलेल्या बायांना तराजूवाला दाता कसा दिसणार? पण मग हसणं थांबलं, कारण गटातल्या एका बाईनं दुसऱ्या गुडघ्यावरच्या माणसावर बोट ठेवलं. नाणी पहिल्याच्या हातात पडत होती. “याचा नंबर लागलाच नाई,” ती म्हणाली. तिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला तेव्हा प्रकरण अपात्र ठरलं होतं. शेतकरी आत्महत्येनंतरची एक लाखाची सरकारी मदत पात्र प्रकरणालाच मिळते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

तिच्यासाठी वर्गणी काढू, असं कोणीतरी म्हणालं. ती नको म्हणाली, आणि का नको ते चित्र समोर असल्यानं कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी सावड ठरली. आधी तिच्या वावरातलं निंदण उरकायचं, मग तिनं पाळीपाळीनं आमच्या वावरात यायचं. पावसानं उघडीप दिली त्या दिवशी सकाळीच आम्ही तिच्या पऱ्हाटीत होतो. पाती धरून निंदताना कोण देणारी आणि कोण घेणारी, हे बांधावरून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. पुढे माझ्या तुरीत ती आली, आणि तण मुळासकट निघालं नाही म्हणून मलाच बोलली.

चिकाटीसाठी पुस्तकवाले काठ्यांची नव्वी दाखवतात. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस एका काठीला धरून उभा, मागे कुंपणासारख्या आठ काठ्या. जखमी आहे पण हटला नाही, असं त्याचं कौतुक. आमच्या गटातली म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. “याले कोनं पानी तरी देल्लं का?” खरंच, त्या चित्रात दुसरं माणूसच नाही. दुःख झालेल्या घरी मी कामानिमित्त जाते, तिथे येणारा प्रत्येक पाहुणा ‘खंबीर राहा’ म्हणतो आणि एसटीच्या वेळेवर निघून जातो. पट्टी बांधलेल्या माणसाला उभं राहा म्हणून आणखी काय सांगायचं? तो उभाच आहे. प्रश्न त्याच्या शेजाऱ्यांना विचारायला हवा.

म्हणून विनंती अशी, की बारा राशींचं भविष्य बंद करून दर रविवारी एकच पत्ता मोठा छापावा आणि खाली एखादा प्रश्न द्यावा. उत्तर वाचकांवर सोडा, आमच्या बाया गप्प बसणाऱ्या नाहीत. ज्या आठवड्यात चित्र दुखऱ्या जागेचं असेल, त्या आठवड्यात टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच चौकटीत द्या. हा फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं, हे मला अजूनही घरोघर सांगावं लागतं.

एवढं जमत नसेल तर ती जागा बाजारभावाला द्या. कापूस आणि सोयाबीनचे भाव इतक्या बारीक अक्षरात येतात की म्हाताऱ्यांना मी वाचून दाखवते.

– एक आशा सेविका, ता. कळंब, जि. यवतमाळ