टू-टोन गाडीची मधली रेषा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण टू-टोनसाठी एकमेकांना शोभणारे दोन रंग निवडले की काम झालं हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय. अहो रंग शोधणं हा त्यातला सोपा भाग. डॅशबोर्डखाली किंवा क्रोमच्या पट्टीमागे ऊन न लागलेला ओरिजिनल रंग बऱ्याचदा शिल्लक असतो, त्यावरून मॅच करता येतो. घोळ होतो तो दोन रंग जिथे भेटतात त्या रेषेवर.

१९५५-५६ च्या अमेरिकन शेवरोले बेल एअरसारख्या गाड्यांत ही रेषा क्रोमच्या पट्टीखाली जाते, त्यामुळे लोक बिनधास्त असतात की वाकडी गेली तरी झाकली जाईल. पण पट्टी असते जेमतेम बोटभर, आणि नवीन बनवलेली असेल तर जुन्या भोकांवर नीट बसेलच असं नाही. म्हणून रंगाआधी सगळ्या पट्ट्या एकदा लावून बघायच्या, खुणा करायच्या, मग काढायच्या. तसंच दारांचे गॅप, म्हणजे दाराच्या कडेच्या फटी, आधी सेट करायचे, रंगाची कड आखणारी टेप दारं बंद ठेवून एका दमात सलग ओढायची आणि नंतर गॅपवर कापायची, नाहीतर दाराशी येऊन रेषा चक्क पायरी चढते.

माझं स्वतःचं सांगतो. आधी क्रीम मारला, वर साधी कागदी मास्किंग टेप लावून मरून रंग मारला, तोही दणकून, एकाच जाड कोटात, आणि टेप सकाळी काढू म्हणून झोपलो. सकाळी टेपेबरोबर मरूनचे तुकडे निघाले, खालून रंग झिरपलेला, कड अशी की उंदरांनी कुरतडलीय. आता प्लॅस्टिकची बारीक फाइनलाइन टेप वापरतो, तीही खालचा रंग पुरता वाळल्यावरच, कड नखाने दाबून, पहिला कोट अगदी हलका, आणि शेवटचा कोट थोडा ओलसर असतानाच टेप हळूहळू मागे दुमडत काढतो.

वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, दिला की रेषेवरचा उंचवटा लपतो हे खरं, पण त्या काळच्या रंगावर क्लिअर नसायचा, त्यामुळे गाडी काचेत ठेवल्यासारखी दिसते, मला तरी नाही आवडत.

आणि एक राहिलं. लेखातल्या फोटोत पेंटर तोंडाला रुमाल बांधून टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, मारताना दाखवलाय. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो हा पेंट मारताना. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक