लोकरीच्या दुकानातल्या काकांना, शिलकी गुंड्यांबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नवी लोकर मागायला आलेल्या प्रत्येकीला तुम्ही आधी विचारता, "घरात काय शिल्लक आहे?" दुकानदाराने असं विचारायचं म्हणजे आपल्याच गल्ल्याला कात्री लावायची. तरी तुम्ही विचारता, जुनी पिशवी काउंटरवर ओतायला लावता आणि अर्धेमुर्धे गुंडे एकेक करून काट्यावर ठेवता. त्या सवयीपायी आमच्या विणकाम गटातल्या घराघरांत पडून राहिलेली लोकर टोपड्यांत, मोज्यांत आणि दुपट्यांत गेली. त्यासाठी मनापासून आभार. पत्र उघडपणे लिहितोय, कारण तुम्ही तोंडी सांगता ते ज्यांना तुमचं दुकान लांब पडतं त्यांनाही मिळायला हवं.

तुमचं पहिलं सांगणं असतं, आधी वजन, मग नमुना. बहुतेक जणी उलट करतात. नमुना आवडला की टाके घालतात, लोकर अर्ध्या बाहीशी संपते, आणि तोवर तो लॉट (एका खेपेत रंगवलेली लोकर) बाजारातून गेलेला असतो. दुसऱ्या लॉटचा तोच रंग गुंड्यात सारखा दिसतो, पण विणल्यावर पट्टा उठून दिसतो. म्हणून घरच्या काट्यावर प्रत्येक गुंडा तोलायचा आणि वजनाची चिठ्ठी त्यालाच बांधायची. लेबल हरवलं असेल तर २० मीटर धागा मोजून तोलायचा. ९ ग्रॅम भरला तर १०० ग्रॅममध्ये साधारण २२० मीटर आहे. दोन-तीन मीटर तोलून उपयोग नाही, स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच सांगतो आणि चूक मोठी होते. नमुना निवडताना मीटर पाहायचे, ग्रॅम नाही. जाड लोकर तेवढ्याच वजनात कमी लांब भरते, हे तुम्ही किती वेळा समजावलंत!

जाडीसाठी तुमची लाकडी पट्टी. धागा पट्टीवर एक इंच भरेल इतका, न ताणता, शेजारी शेजारी गुंडाळायचा आणि वेढे मोजायचे. बारीक धाग्याचे दोन पदर एकत्र घेऊन जाड धाग्याचं काम करायचं असेल तर वेढ्यांना साधारण १.४ ने भागायचं. १६ वेढ्यांचे दोन पदर म्हणजे सुमारे ११ वेढ्यांचा एक धागा. बऱ्याच जणी निम्म्याने भागतात आणि नको तितकी जाड सुई घेतात, मग विण फोफशी पडते. धाग्याची जाडी दुप्पट होत नाही, त्याचा छेद दुप्पट होतो, म्हणून १.४.

आता जात ओळखायची. "लोकर" म्हणून घरात जे असतं त्यात बरंचसं अॅक्रिलिक, थोडी खरी लोकर, कुठे सुती. बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या वाटीवर पेटवायचा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझते, आणि राख चिमटीत चुरडते. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी उरतो, तो गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. सुतीला कागद जळल्याचा वास, राख मऊ करडी. हे कशासाठी, तर खरी लोकर गरम पाण्यात घासली की आटते आणि अॅक्रिलिक आटत नाही. दोन्ही एका दुपट्यात घातले की पहिल्याच धुण्यात ते ठिकठिकाणी गोळा होतं. आणि अॅक्रिलिकचे गरम भांडी धरायचे रुमाल कधीच करू नयेत, तापलेल्या कढईला ते वितळून चिकटतात आणि हात भाजतो. त्यासाठी सुती धागा, तोही दुहेरी थराचा. या एका सूचनेसाठीच तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. क्रोशाच्या हौशी कामात हा धोका सहज दुर्लक्षिला जातो.

जुना स्वेटर उसवून लोकर काढायची तर आधी आतली शिवण पाहायची. कडा कापून मशीनने ओव्हरलॉक केलेली असेल तर प्रत्येक ओळीला धागा तुटलेला आहे, हाताशी तुकडेच येतील. विणलेले भाग साखळीने जोडलेले असतील तरच कष्ट घ्यावेत. उसवायला टाके बंद केलेल्या टोकाकडून सुरुवात, खालून धागा सरळ निघत नाही. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलात दाबून सावलीत टांगायची. खरी लोकर पुन्हा सरळ होते. अॅक्रिलिकच्या कुरळ्या मात्र नुसत्या पाण्याने पुऱ्या जात नाहीत, वाफ लागते, आणि इस्त्री टेकली तर धागा लोळागोळा आणि चकचकीत होतो, तो परत फुगत नाही. वाफ तीन-चार सेंटिमीटर वरूनच.

किती पुरेल हे ठाऊक नसतानाही गुंडा पूर्ण वापरणारं काम तुम्ही दाखवलंत, ते म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारा चौकोन. ४ टाके घालायचे. सगळ्या ओळी सुलट. प्रत्येक ओळीत २ सुलट, धागा पुढे घेऊन एक जाळी, मग शेवटपर्यंत सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. गुंडा मधूनमधून तोलत राहायचं. सुरुवातीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा २ ग्रॅम जास्त उरले की वाढवणं थांबवायचं आणि घटवायला लागायचं: १ सुलट, २ एकत्र सुलट, जाळी, २ एकत्र सुलट, मग शेवटपर्यंत सुलट. ४ टाके उरले की बंद. वाढवताना जितकी लोकर जाते तितकीच घटवताना, आणि शेवटी उरणारे ४ ग्रॅम बंद करायला व टोकाला. रंग बदलायचा तर नेहमी एकाच बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला, नाहीतर सुलट बाजूवर रंगाची रेघ तुटक दिसते. दुसऱ्या कामांतही धागा पुरेल का, याचा अंदाज तुम्हीच दिलात: सुलट ओळीला विणीच्या रुंदीच्या तिप्पट धागा, टाके बंद करायला चौपट.

बाळंतविड्यातलं टोपडं तर शिलकी लोकरीसाठीच असावं. २२० मीटरला १०० ग्रॅम अशा जाडीत, ८ नंबरच्या (४ मिलिमीटर) सुयांवर, १० सेंटिमीटरला २२ टाके येतील अशी विण असेल तर ७४ टाके घालावेत, त्यातले दोन शिवणीचे. ३ सेंटिमीटर २ सुलट २ उलट, मग साधी वीण (एक ओळ सुलट, एक उलट) एकूण ११ सेंटिमीटर होईपर्यंत. नंतर मधल्या ७२ टाक्यांचे ९-९चे आठ भाग करून प्रत्येक भागाच्या शेवटी २ एकत्र, आधी एक ओळ सोडून चारदा, मग प्रत्येक ओळीला चारदा. मध्ये ८ उरले की कडेच्या दोन टाक्यांसकट धागा ओवून आवळायचे आणि बाजू शिवायची. रुंदी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे एका ओळीला १ मीटर. ५ ग्रॅमचा उरलेला तुकडा ११ मीटर भरतो, त्यात दहा ओळी सहज. पूर्ण टोपडं साधारण २५ ग्रॅम. रंगीत नक्षी घेतली तर आतून सुटे धागे तीन टाक्यांपेक्षा लांब ठेवू नयेत. मोज्यात तर मुळीच नको, बाळाची बोटं त्यात अडकून आवळली जातात. केसाळ लोकर आणि लांब नाड्याही बाळासाठी वर्ज्य.

दुपट्याचा हिशेब तुम्ही बिलाच्या पाठीवर मांडून दिला होता. क्रोशाचा जाळीचा चौकोन, ५ फेऱ्यांचा, ४ मिलिमीटरच्या सुईने साडेबारा सेंटिमीटर. ६ गुणिले ७ असे ४२ चौकोन, म्हणजे ७५ बाय साडेसत्याऐंशी सेंटिमीटर. पहिला चौकोन करून तोलायचा, समजा ९ ग्रॅम. तीन-तीन खांबांचे (क्रोशाच्या उंच टाक्यांचे) पुंजके फेऱ्यांनुसार ४, ८, १२, १६, २०. एकूण ६०, त्यातले शेवटच्या फेरीत २०, म्हणजे तिसरा हिस्सा. शेवटची फेरी सगळ्यांना एकाच रंगाची ठेवली की आतले वेगवेगळे रंग एकमेकांशी भांडत नाहीत. म्हणजे आत शिलकी लोकर २५२ ग्रॅम, बाहेरचा एक रंग १२६, आणि जोडणी-किनारीला साधारण ७५. धागे थोडे जाड-बारीक असतील तर सुई अर्धा मिलिमीटर वर-खाली करून माप जुळवायचं. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा फरक जोडताना जिरतो, त्याहून जास्त असेल तर कड लाटेसारखी होते. मरून, लाल आणि गडद निळा आधी ओल्या पांढऱ्या सुती कापडावर दाबून रंग सुटतो का ते पाहायचं.

आत दोनच रंग घ्या, हा तुमचा आग्रह योग्य होता. प्रत्येक फेरीला वेगळा रंग घेतला तर एका चौकोनाला दहा टोकं, दुपट्याला ४२०. बाहेरचा धरून तीन रंगांत सहाच. टोक १५ सेंटिमीटर ठेवून सुईने एका दिशेला, परत उलट, मग तिसऱ्यांदा वळवून ओवायचं. एकाच दिशेने घातलेलं टोक धुण्यात निसटतं, खांबांखाली दाबलेलंही. ओलं करून तळहातांत चोळून जोडणं फक्त खऱ्या लोकरीत जमतं. अॅक्रिलिकच्या तंतूला लोकरीसारखे खवले नसतात, तो जोड धरत नाही.

पावसाळ्यात खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ती धुऊन, वाळवून, वेगळ्या घट्ट पिशवीत ठेवायची आणि पावसाळा संपला की ऊन दाखवायचं. अॅक्रिलिकला कसर लागत नाही. दोन्ही वेगळं ठेवा असं तुम्ही म्हणता, ते आता आम्ही सगळ्या पाळतो.

काका, यंदाच्या दुपट्याची आतली २५२ ग्रॅम भरली आहे, सगळं अॅक्रिलिक, जाळून पाहिलंय. बाहेरची फेरी, जोडणी आणि किनारीसाठी मोतिया रंग २०० ग्रॅम हवा, एकाच लॉटचा. बाजूला काढून ठेवाल का?

आपल्या,
विणकाम गटातल्या सर्व जणी